नाकापासून एक फूट

(महापालिकांच्या कामाच्या जागा आणि कामगारांचं आरोग्य या विषयावर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आपली शहरं मोजमापाच्या बाबतीत आळशी नाहीत. नळाच्या शेवटच्या टोकाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे तपासलं जातं. पावसाळ्यात धरणांची पातळी रोज सकाळी वर्तमानपत्रात येते. हवेचा निर्देशांक चौकातल्या फलकावर झळकतो. रस्त्यावर आलेल्या डांबराच्या मालाचं तापमान कनिष्ठ अभियंता लिहून घेतो. या प्रत्येक मोजमापासाठी कधीतरी कुणीतरी झगडलेलं आहे आणि ती सगळी आपल्या भल्याची आहेत. पण तो क्लोरीन पाण्यात सोडणाऱ्या ऑपरेटरच्या नाकाशी किती क्लोरीन असतो? ते डांबर फावड्याने पसरणाऱ्या बिगाऱ्याच्या छातीत काय जातं? पहाटे रस्ता झाडणारी बाई आठ तासांत किती धूळ आत घेते? हे आकडे मागायला जा. बहुतेक ठिकाणी ते नसतातच. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे: शहर चालवणाऱ्या माणसाच्या श्वासाचा आकडा शहराच्या दप्तरी असला पाहिजे, आणि तो माणूस आजारी पडण्याच्या आधी असला पाहिजे.

मी इंडस्ट्रियल हायजिनिस्ट आहे. कामगारांच्या बाबतीत लोकांना डॉक्टर ठाऊक असतो, सेफ्टी ऑफिसर ठाऊक असतो. डॉक्टर माणूस तपासतो, मी त्याची कामाची जागा तपासते. तिथल्या हवेत काय आहे, किती आहे, ते कुठून येतं आणि कसं थांबवता येईल, हे शोधणं माझं काम. कारखान्यांमध्ये, विशेषतः रसायनांच्या, हे काम बऱ्यापैकी रुळलेलं आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागेच्या हवेत कोणतं रसायन किती चालेल याचं परिशिष्ट त्यात आलं. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत या विषयातले जाणकार आहेत. महापालिकेच्या चौकीत, गॅरेजमध्ये, मॅनहोलच्या तोंडाशी मात्र आमच्यातलं कुणी सहसा दिसत नाही.

आमचं मुख्य साधन दिसायला अगदी साधं आहे. तळहाताएवढा एक पंप कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर घ्यायची आणि नळीच्या टोकाचा फिल्टर कॉलरला लावायचा. नाकातोंडापासून तीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट, एवढ्या परिघातली हवा त्यात ओढली गेली पाहिजे. हा एक फूट आमच्या शास्त्राचा गाभा आहे. चौकातल्या यंत्राने मोजलेली हवा ही चौकाची हवा. झाडू मारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यासमोरची हवा वेगळी असते, कारण ती धूळ तिच्याच हाताने, तिच्याच समोर उडत असते. दहा पावलांवर उभ्या असलेल्या मुकादमाच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही.

एका शहरात मी असा पंप एका मावशींच्या कमरेला बांधत होते. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, यात माझं बोलणं तर भरत नाही ना?" शंका रास्त होती. पालिकेतल्या कामगाराच्या अंगावर वरून आलेलं यंत्र आजवर बहुधा त्याच्या हजेरीसाठीच आलेलं आहे. बोलणं भरत नाही, फक्त धूळ भरते, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग झाडतानाची नको घेऊ. हातगाडी गाडीत पलटी करतो ना, तेव्हाची घे." अख्ख्या पाळीचा सरासरी आकडा मला हवाच होता, पण त्यांच्या सांगण्यावरून मी ती काही मिनिटं वेगळी मोजली, आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. धोका कुठे आहे हे तीस वर्षं ते काम करणाऱ्या माणसाला माहीत असतं. त्या माहितीला आकड्याचं बळ देणं हा माझ्या व्यवसायाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे तो आकडा अशा टेबलावर नेऊन ठेवणं, जिथे खर्चाला मंजुरी मिळते.

धुळीबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. जी धूळ डोळ्यांना दिसते, पदरावर बसते, शिंकेबरोबर बाहेर पडते, तिचं मला तेवढं भय वाटत नाही. भय असतं न दिसणाऱ्या धुळीचं. चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांत जाऊन बसतात. त्या कणांत स्फटिकरूप सिलिका असेल तर पुढे सिलिकोसिस होतो, आणि सिलिकाने जखडलेल्या फुप्फुसात क्षयाला सहज घर मिळतं. इथे आपल्या भूगोलाचा एक पदर आहे. दख्खनचा काळा दगड, बसाल्ट, यात मुक्त सिलिका कमी असते. म्हणून आपल्याकडच्या खडीच्या धुळीला राजस्थानच्या वालुकाश्माच्या धुळीचा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. पण आजचा रस्ता नुसत्या काळ्या खडीचा राहिलेला नाही. काँक्रीट, वाळू, पेव्हर ब्लॉक, टाइल्स या सगळ्यांत सिलिका आहे. केबलसाठी काँक्रीटचा रस्ता कटरने कोरडाच कापतात तेव्हा उठणाऱ्या पांढऱ्या लोटाजवळ तोंडाला रुमाल बांधून जो मुलगा बसलेला असतो, त्याची मला फार काळजी वाटते. अमेरिकेत २०१६ सालच्या नियमानुसार अशा सिलिकेची मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. कोरड्या कटरजवळ ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. आणि पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की तो लोट बराचसा जागीच बसतो. एक नळी, एक कॅन पाणी. इतका स्वस्त उपाय वापरात नसतो, कारण धूळ मोजलेली नसते. आणि न मोजलेली धूळ निविदेत येत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्या डॉक्टरांबद्दल मी ऐकलं आहे, की त्यांच्या दवाखान्यात केसपेपरवर नाव आणि वय लिहून झालं की तिसरा प्रश्न कामाचा असे. कुठे आहेस कामाला, आणि तिथे नेमकं काय करतोस? या प्रश्नाची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती सुरू झाली एका सफाई कामगारापासून. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला माणूस आला होता आणि तो जीव तोडून घाईघाईने काम करत होता. एवढी घाई कशासाठी, असं रामाझ्झिनींनी विचारलं. तो माणूस म्हणाला की या जागेत चार तासांहून जास्त थांबण्याची किंमत काय असते, ती इथे न उतरलेल्याला कळायची नाही. माणूस आंधळा होतो. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे पाहिले तर ते लालबुंद सुजलेले होते. मग त्यांनी गावातले असेच आंधळे झालेले, भीक मागणारे जुने कामगार पाहिले, इतर धंद्यांकडे मोर्चा वळवला, आणि १७०० साली कामगारांच्या आजारांवरचा तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून हे सबंध शास्त्र निघालं. वैद्याने रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा आग्रह त्यांचाच. या शास्त्राचा पहिला गुरू विद्यापीठातला नव्हता, मैला उपसणारा होता. आज महापालिकेच्या कामगाराला त्याच शास्त्राचा लाभ सर्वांत शेवटी मिळतो, याचं मला अतिशय वाईट वाटतं.

त्या माणसाचे डोळे जाळणारा वायू बहुधा हायड्रोजन सल्फाइड होता. गटारातला मुख्य मारेकरीही तोच, म्हणून त्याच्यावर थांबू या. सांडपाण्याच्या नळात आतून एक बुळबुळीत थर चढतो. त्याच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू तयार करतात. समुद्रकाठच्या शहरात भरतीचं खारं पाणी जुन्या नळांत शिरतं, त्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, म्हणजे या जिवाणूंना खाद्य वाढतं. वायू हवेपेक्षा थोडा जड असतो आणि कोंडलेल्या जागेत खाली साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत एखाददुसरा भाग असला तरी नाकाला कळतं. पण प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की वास घेणारी नसच बधिर होते. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं उतरणाऱ्याला वाटतं आणि तो आणखी दोन पायऱ्या खाली जातो. प्रमाण सातशे ते हजारच्या घरात असेल तर माणूस बघता बघता कोसळतो. कामगार याला 'गॅस लागला' म्हणतात.

हे सारं उतरणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आठवेल. तिचा नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळ बाहेर आलं तर आत जिवंत राहण्याजोगी हवा आहे, असा अंदाज. चित्रपट काल्पनिक असला तरी ही रीत खरी आहे. उत्पन्नाच्या बाबतीत देशात पुढे असलेल्या महापालिकांच्या हद्दीत माणूस झुरळाच्या भरवशावर खाली उतरत आला. चार वायू मोजणारा मीटर मुठीत मावतो. प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चारही गोष्टी तो एकाच वेळी दाखवतो आणि धोका दिसताच कर्कश वाजतो. शहराच्या अंदाजपत्रकात त्याची किंमत शोधून सापडणार नाही इतकी लहान आहे.

मात्र मीटर घेतला म्हणजे काम झालं, असं समजू नका. पाहणीत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली गोष्ट अशी: झाकण उघडतात, मीटर तोंडाशी धरतात, आकडा ठीक येतो, माणूस उतरतो. झाकणापाशी बाहेरची हवा मिसळलेली असते, तिथला आकडा ठीक येणारच. मीटरला नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायला हवं. वरची आणि खालची शेजारची झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवायला हवीत, ब्लोअरने ताजी हवा आत सोडायला हवी. तळाची हवा स्वच्छ आली तरी खरी परीक्षा पुढेच असते. गाळात वायू अडकून बसलेला असतो. माणसाने गाळात पाय घातला, फावडं मारलं की तो एकदम सुटतो. मीटर दोन मिनिटांपूर्वी शून्य दाखवत होता आणि आता शेकड्यांत आकडा आहे, असं घडतं. म्हणून मीटर माणसाच्या छातीला लावलेला हवा, वर ठेवलेल्या पेटीत नको. आणि त्याच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस हवा, त्याचा दोर वर तिवईच्या चरखीला बांधलेला हवा, म्हणजे वरचा माणूस खाली न उतरता त्याला ओढून घेऊ शकेल.

ही शेवटची गोष्ट मी जोर देऊन सांगते. १ जुलै १८९५ रोजी लंडनजवळच्या ईस्ट हॅम इथल्या सांडपाणी केंद्रात एक कामगार विहिरीत उतरला आणि कोसळला. त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. त्या दिवशी पाच जण गेले. चौकशीसाठी जॉन स्कॉट हाल्डेन हे शरीरशास्त्रज्ञ आले. खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची शिफारस करणारे तेच हे हाल्डेन. त्यांनी गटारातल्या पाण्याचे आणि हवेचे नमुने तपासले आणि मृत्यूचं कारण हायड्रोजन सल्फाइड हेच असल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून आजवर गटारातल्या अपघातांची बातमी साधारण अशीच असते: एकाला वाचवायला गेलेले दोघेही दगावले. सहकाऱ्यासाठी जीव धोक्यात घालणारी ही माणसं असतात. त्या धैर्यावर व्यवस्थेने विसंबून राहणं हा गुन्हा आहे. चरखी असती तर धैर्याची गरजच पडली नसती.

आता कायद्याकडे वळते, कारण इथे एक अशी गोष्ट आहे जी मला अजूनही पटत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या केली, तिच्यात पाणी किंवा मैलापाणी पंपाने उपसणं हेही धरलं होतं. म्हणजे मलनिःसारण पंपिंग स्टेशन हा पुरेसे कामगार असले की कारखाना ठरला. तिथे हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची मर्यादा दहा लाखांत दहा भाग होती. कोंडलेल्या जागेत उतरण्यापूर्वी घ्यायची काळजीही त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमात तपशिलात लिहिलेली होती. आणि त्या पंपिंग स्टेशनच्या भिंतीबाहेर, रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये, तेच मैलापाणी, तोच वायू, पण जागा कारखाना नव्हती. भिंतीच्या आत माणसाच्या फुप्फुसाला जी मर्यादा, ती बाहेर लागू नव्हती. फुप्फुस तेच असतं.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध वेगळे कायदे आले. १९९३ चा कायदा, मग २०१३ चा. संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आणि नियमांमध्ये गॅस मीटर, श्वसनयंत्र, ब्लोअर यांची लांब यादी दिली. २७ मार्च २०१४ रोजी 'सफाई कर्मचारी आंदोलन' या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. या निकालांचं मोल फार मोठं आहे. ते मिळवण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून मृतांची नावं गोळा केली, त्यांचे उपकार आहेत. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते, आणि मृत्यू तरी मोजला जातो. गटारात न मेलेला, पण पंचेचाळिशीत धाप लागून घरी बसलेला माणूस कुठल्या यादीत येतो? त्याच्या कामाच्या जागेची मोजणी कधीच झालेली नसते, तेव्हा त्याचा दमा त्याच्या विडीच्या किंवा दारूच्या खात्यावर लिहिला जातो. आकडा नसला की दोष माणसाकडे जातो.

आणि त्यातही कायम आणि कंत्राटी हा भेद आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. हायजिनिस्ट म्हणून मला या लढ्याचं महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटतं. ज्याची नोंद मस्टरवर आहे त्याचाच इतिहास लिहिता येतो. सिलिकोसिस व्हायला, ऐकू येईनासं व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. दर वर्षी कंत्राटदार बदलला, नाव बदललं, की त्या वीस वर्षांचे वीस तुकडे होतात आणि कोणत्याच तुकड्यात आजार सापडत नाही.

या माणसांवाचून आपलं चालत नाही, याची जाणीव मुंबईला एकदा फार तीव्रतेने झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. महिन्याभरात लोक शहर सोडून निघाले. त्या वेळचे पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना मोठी धास्ती होती ती मैला वाहणारे हलालखोर आणि झाडूवाले निघून जातील याची. ते गेले तर शहर राहण्याजोगं उरणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी प्रशासनाला या कामगारांची किंमत पुरेपूर कळलेली होती. काळजी कळायला मात्र अजून वेळ लागतो आहे. कोविडच्या काळातही आपण टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या, असं मी मानते. त्यांच्या पाठोपाठ मोजणी यायला हवी होती.

गटाराबाहेरही पालिकेचा पसारा मोठा आहे. जलशुद्धीकरण केंद्रात नऊशे किलोचे क्लोरीनचे टोनर, म्हणजे मोठे सिलिंडर, ओळीने असतात. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो जमिनीलगत पसरतो. तिथले जुने ऑपरेटर अमोनियात भिजवलेला बोळा सांध्यांजवळून फिरवतात. जिथे पांढरा धूर दिसतो तिथे गळती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अचूक आहे आणि त्यांनी ते नव्यांना शिकवलेलंही असतं. पण गळती सुरू झाल्यावर टोनरवर पाणी मारू नये, गंज वाढून भोक मोठं होतं, हे सर्वांना ठाऊक असतंच असं नाही. श्वसनयंत्रं बऱ्याच ठिकाणी असतात, टोनरच्याच खोलीत, कुलपात. गळतीच्या वेळी ज्या खोलीत शिरता येणार नाही तिथेच ती ठेवलेली. हे बदलायला पैसा लागत नाही. बाहेरून आलेल्या कुणीतरी तिथे उभं राहून विचारावं लागतं की आत्ता गळती झाली तर तुम्ही कोणत्या दाराने पळाल.

डासांसाठी फवारणी करणारी मुलं खांद्यावर कानठळ्या बसवणारं यंत्र घेऊन डिझेलच्या धुरात चालतात. गॅरेजमधले वेल्डर, रात्री उंदीर मारणारे, पालिका रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत फॉर्मेलिन हाताळणारे, डंपिंगवर आगीच्या धुरात बुलडोझर चालवणारे, यांतल्या एकेकावर स्वतंत्र व्याख्यान होईल. आज त्यांची नुसती नावं घेऊन पुढे जाते.

उपायांची आमच्याकडे एक उतरंड आहे. धोका मुळातच नाहीसा करता येतो का ते आधी पाहायचं. नाही तर सौम्य पर्याय शोधायचा. तोही नसेल तर यंत्राने, वायुवीजनाने माणूस आणि धोका यांच्यात अंतर निर्माण करायचं. मग कामाच्या वेळा आणि पद्धती बदलायच्या. हे सगळं करून जे उरेल त्यासाठी मास्क, हातमोजे, बूट. महापालिकांत ही उतरंड उलटी लावलेली दिसते. पहिली खरेदी हातमोज्यांची, आणि बहुधा शेवटचीही. माप एकच, पुरुषाच्या हाताचं. बायका ते काढून ठेवतात, आणि मग अहवालात लिहिलं जातं की कामगार साधनं वापरत नाहीत. धुळीसाठीचा मास्क वायू अडवत नाही, ही गोष्टही खरेदी विभागात फार थोड्यांना माहीत असते. गटाराच्या कामासाठी एन-९५ मास्क पुरवल्याचं कागदावर अभिमानाने लिहिलेलं मी वाचलं आहे.

उतरंडीच्या वरच्या पायरीचं एक उदाहरण पुण्याचं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. त्यांच्या मोहिमेत नागरिकांना एवढंच सांगितलं गेलं: वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडी न उघडता कळतं. तिच्या हाताचा आणि रक्ताचा संबंधच येत नाही. हातमोजा न घेता, मूळ जागी, घराघरात केलेला हा बंदोबस्त आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेत सुचला नाही. रोज त्या पुड्या उघडाव्या लागणाऱ्या बायकांच्या संघटनेतून आला. गटारांसाठी माणसाऐवजी यंत्र उतरवणं ही तशीच वरची पायरी. केरळमधल्या अभियंत्यांनी २०१८ च्या सुमारास मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव आणला आणि तो देशात अनेक ठिकाणी गेला. अरुंद गल्लीत, जुन्या विटांच्या गटारात तो सगळीकडे चालत नाही हे मान्य. पण जिथे चालतो तिथे माणूस उतरवण्याला आता कोणतंही कारण उरलेलं नाही.

मग करायचं काय? माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महापालिकेत इंडस्ट्रियल हायजिनिस्टचं निदान एक पद मंजूर व्हावं, आणि ते कुठल्याही खात्याच्या प्रमुखाच्या हाताखाली नको, थेट आयुक्तांच्या अखत्यारीत हवं. कारण ज्या खात्याची हवा मोजायची, त्याच खात्याने अहवाल मंजूर करायचा, हे चालणार नाही. लहान नगरपालिकांना हे परवडणार नाही, त्यांनी जिल्ह्यात मिळून एक नेमावा. गाळ काढण्याच्या, रस्ते कापण्याच्या प्रत्येक निविदेत मोजणीचं स्वतंत्र कलम असावं आणि तिचे आकडे जोडल्याशिवाय बिल निघू नये. गाळ किती घनमीटर निघाला याचा पुरावा आपण वजनकाट्याच्या पावतीसकट मागतो. तो काढताना हवा कशी होती, याची पावती मागणं त्याहून कठीण नाही.

आणि आकडे हजेरी चौकीत लावावेत. मराठीत, मोठ्या अक्षरात: कोणत्या तारखेला, कोणत्या कामावर, किती आलं, किती चालतं. एका चौकीत आम्ही असा तक्ता लावला तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणी त्याकडे फिरकलं नाही. नंतर एका जुन्या कामगाराने येऊन विचारलं की आमच्या बाजूच्या गल्लीतल्या गटाराचा आकडा यात का नाही, तिथे तर डोळे जास्त चुरचुरतात. आम्ही तिथे मोजलं. आकडा मर्यादेच्या वर निघाला आणि त्या गटाराचं काम यंत्राकडे वळवण्याचा प्रस्ताव त्याच नोंदीच्या आधारावर पुढे गेला. प्रस्तावाला ती नोंद जोडलेली होती, आणि नोंदीवर मोजणी सुचवणारा म्हणून त्या कामगाराची सही होती.